टिटवाळा : मुंबईच्या घड्याळावर चालणारे गाव

मध्य रेल्वेचा लोहमार्ग कल्याणपाशी दुभंगतो. त्याचा एक फाटा कर्जतवरून बोरघाटाकडे वळतो आणि दुसरा शहाड, आंबिवली ही स्थानके मागे टाकीत कसाऱ्याच्या दिशेने थळघाटाकडे निघतो. ह्या दुसऱ्या फाट्यावर, मुंबईपासून सुमारे ६४ किलोमीटर अंतरावर, काळू नदीच्या सान्निध्यात टिटवाळा वसलेले आहे. पंचांगातील अंगारकी पाहून वर्षातून एखाददुसऱ्या वेळी येणाऱ्या भाविकाच्या दृष्टीने ते महागणपतीचे क्षेत्र आहे. परंतु ज्यांचा दिवस पहाटेच्या लोकलने सुरू होतो आणि रात्रीच्या लोकलने संपतो, त्या सहस्रावधी चाकरमान्यांच्या दृष्टीने ते प्रथम परवडणारे घर आहे आणि मग तीर्थक्षेत्र. एकाच स्थानकावर उतरणाऱ्या ह्या दोन समुदायांपैकी पहिल्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. प्रस्तुत परिचय मुख्यतः दुसऱ्याचा आहे.

तरीही आरंभ देवापासूनच करणे उचित. कण्व मुनींचा आश्रम ह्याच परिसरात होता, दुष्यंताला विस्मरण झालेल्या शकुंतलेने कण्वांच्या सांगण्यावरून येथे गणेशाची आराधना केली आणि तिला पतीची पुनःप्राप्ती झाली, अशी स्थानिक आख्यायिका आहे. कालिदासाने कण्वाश्रम दूर उत्तरेत मालिनीच्या तीरावर ठेवला आहे, हे श्रद्धावंतांना ठाऊक नसते असे नाही. पण विवाह जुळावा, मोडू पाहणारा संसार सावरावा, ह्या इच्छेने येणाऱ्यांना काव्यातील भूगोलापेक्षा शकुंतलेचे दुःख अधिक जवळचे वाटते. पेशवाईत दुष्काळ पडला असता येथील तळ्याचा गाळ उपसण्यात आला, त्यात पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे ह्यांना गणेशाची मूर्ती सापडली आणि थोरल्या माधवरावांच्या काळात मंदिर उभे राहिले, अशी परंपरा सांगते. त्या मंदिराचा जीर्णोद्धार १९६५-६६ च्या सुमारास झाला. स्थानकापासून मंदिरापर्यंत भाविकांना नेणारे टांगे ही टिटवाळ्याची जुनी ओळख. आता त्या रस्त्यावर वाटून घ्यायच्या रिक्षांचे राज्य आहे.

देवाने गावाला नाव दिले, पण आजचे स्वरूप दिले ते रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची गाडी १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. पुढील कल्याण ते वाशिंद हा टप्पा १ ऑक्टोबर १८५५ रोजी खुला झाला आणि टिटवाळ्याच्या शिवारातून आगगाडी धावू लागली. मात्र रूळ आले म्हणून वस्ती आली, असे झाले नाही. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ येथे भातशेती, वालाचे पीक, नदीकाठचे मळे आणि चतुर्थीची यात्रा एवढाच व्यवहार होता. मुंबईत घर घेणे मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर गेले, त्याचे पाऊल ठाण्याला, मग डोंबिवलीला, मग कल्याणला पडले, आणि तेथेही भाव चढले तेव्हा कोठे ते ह्या शिवारात आले.

ह्या स्थित्यंतराचा खरा इतिहास तलाठ्याच्या दप्तरात आहे. कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कसणाऱ्या कुळांची नावे मालक म्हणून सातबाऱ्यावर चढली. पुढे वाटण्या झाल्या, फेरफार झाले, आणि ज्या तुकड्यावर एका कुटुंबाचे वर्षाचे भात निघणे कठीण झाले होते, त्याच तुकड्याला बांधकामदारांकडून अकल्पित किंमत येऊ लागली. जेथे बिगरशेतीचा आदेश रीतसर मिळाला तेथे इमारती उभ्या राहिल्या. जेथे तो मिळाला नाही तेथे, विशेषतः मांडा आणि बल्याणीच्या बाजूस, परवानगीवाचून चाळी उठल्या. महापालिकेची पथके त्यांपैकी काही पाडतात आणि काही काळाने नवीन उभ्या राहतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. मांडा-टिटवाळा तिच्या उत्तर टोकाला येते, आणि त्यापलीकडची खेडी ग्रामपंचायतींच्या अमलाखाली राहतात. म्हणून येथील माणसाला कधी पालिकेच्या प्रभाग कार्यालयात जावे लागते, तर हद्द ओलांडताच सरपंचाच्या दारी. आणि पाणी, कचरा, रस्ता ह्यांपैकी काय कोणाच्या अखत्यारीत, ह्याचा उलगडा त्याला बहुधा घर घेतल्यानंतरच होतो.

घराची जी किंमत खरेदीखतात लिहिली जाते ती पूर्ण किंमत नव्हे. उरलेली रोज वेळेच्या रूपाने चुकवावी लागते. मुंबईच्या टोकापर्यंत जलद लोकलने दीड तासाच्या आसपास लागतो, त्यात घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी हे अंतर मिळविले म्हणजे जागेपणीचा चौथा हिस्सा प्रवासाच्या खाती जातो. टिटवाळ्याहून सुटणाऱ्या गाड्या हे ह्या गावाचे खरे वैभव, कारण त्यांत येथल्या माणसाला बसावयास मिळते. शहाड-आंबिवलीचे चतुर प्रवासी ह्याच कारणासाठी प्रथम उलट दिशेने टिटवाळ्याला येऊन, गाडी फिरेपर्यंत जागा धरून बसतात, आणि त्यावरून होणारे खटके हा पहाटेचा नित्यक्रम आहे. डब्यात ओळखीचे लोक ठरलेल्या दारापाशी ठरलेल्या वेळी भेटतात. कोठे टाळांच्या साथीने भजन चालते, कोठे पत्त्यांचा डाव, कोठे निवृत्त होणाऱ्या सोबत्याला पेढे देऊन निरोप. दसऱ्याच्या सुमारास डबा तोरणांनी सजवून त्याची यथासांग पूजा होते. महिलांच्या डब्यात परतीच्या वेळी भाजी निवडली जाते, मुलांच्या परीक्षांची चर्चा होते, आजाऱ्यांच्या औषधांची नावे एकमेकींना सांगितली जातात. शेजाऱ्याचे आडनाव ठाऊक नसलेला मनुष्य सहप्रवाशाच्या मुलीच्या लग्नाला वेळ काढून जातो, कारण शेजाऱ्याशी त्याची गाठ रविवारी पडते आणि सहप्रवाशाशी रोज. 

ह्या जीवनक्रमाचा कणा किती नाजूक आहे, ते पावसाळ्यात कळते. कल्याणपुढे कसाऱ्याकडे बहुतांश दोनच मार्गिका आहेत आणि त्यांवरूनच उत्तरेच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल अशा तिन्हींना जावे लागते. तिसऱ्या मार्गिकेचे काम सुरू आहे, तोपर्यंत लांब पल्ल्याची गाडी पुढे काढण्यासाठी लोकल अडकवून ठेवणे अटळ ठरते. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुसळधार पावसाने रुळांखालची भूमी खचून आसनगाव-वाशिंद दरम्यान नागपूरहून येणारी दुरांतो एक्स्प्रेस घसरली, तेव्हा पलीकडच्या स्थानकांचा मुंबईशी संबंध तुटला आणि टिटवाळा हेच काही काळ ह्या बाजूचे टोक झाले. इकडे काळूला पूर आला की रुंदे येथील पूल पाण्याखाली जातो, फळेगावाकडची खेडी तुटतात, आणि सखल चाळींतून लोकांना सामान उचलून वर न्यावे लागते. जमीन स्वस्त का होती, ह्याचे उत्तर काही ठिकाणी नदीच देते.

चाकरमाने निघून गेले म्हणजे गाव ओस पडते असे मात्र नाही. ते दुसऱ्यांच्या स्वाधीन होते. आगरी आणि कुणबी कुटुंबे आपल्या उरलेल्या खाचरांत राब भाजतात, चिखलणी करतात, लावणी करतात. दिवाळीनंतर नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर कातकरी बिऱ्हाडे येऊन राहतात आणि त्यांनी थापलेल्या विटांतून नव्या रहिवाशांची घरे उभी राहतात, हा ह्या परिसराचा विषादपूर्ण विरोधाभास आहे. मोहने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडल्यापासून जवळचा पगारही गेला. तेव्हा ज्यांच्या बापांनी सायकलीवरून पाळी गाठली, त्यांच्या मुलांना लोकल धरणे प्राप्त झाले. अंगारकीला हा सर्व क्रम उलटतो: मुंबई टिटवाळ्याला येते, दर्शनाची रांग रात्रीच धरली जाते, आणि कचेरीला निघालेला टिटवाळेकर फुले-नारळ घेऊन उतरणाऱ्या गर्दीतून वाट काढीत स्वतःच्याच स्थानकात कसाबसा शिरतो.

असा जीवनक्रम एकट्या टिटवाळ्याचा नव्हे. इंग्लंडात लंडनभोवतीच्या ग्रामीण परगण्यांतून रोज आगगाडीने शहरात जाणाऱ्यांचा वर्ग फार जुना आहे. तेथील मेट्रोपॉलिटन रेल्वेने १९१५ पासून ‘मेट्रोलँड’ ह्या नावाने पुस्तिका काढून, आपल्या मार्गावरील हिरव्या गावांत घर घेण्याचे आमंत्रण लोकांना दिले. घरे इतकी झाली की १९३८ मध्ये लंडनभोवतीचा हरितपट्टा राखण्यासाठी कायदा करावा लागला. तेथला सुखवस्तू गृहस्थ शहर सोडून खेड्यात गेला तो हौसेने. आपला टिटवाळेकर आला तो नाइलाजाने, आणि हिरवळ त्याला घराबरोबर फुकट मिळाली. दोघांच्या प्राप्तीत अंतर असले तरी दोघांपुढचा पेच एकच आहे: ज्या मोकळेपणासाठी माणूस येतो, तो मोकळेपणा त्याच्या मागून येणाऱ्या घराने खर्ची पडतो. तेथे कायद्याने एका रेषेशी हात आवरला. येथे ती रेषा विकास आराखड्याच्या कागदावर असते आणि जमिनीवर पुसली जाते.

शेजारच्या शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा आणि भातसा ह्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्या तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे सर्वश्रुत आहे. टिटवाळ्याहून पाणी नव्हे, पण माणसांचे दिवस जातात, आणि त्यांचाही मोबदला उगमापाशी फारसा पोहोचत नाही. रुग्णालय, महाविद्यालय, भरवशाची नोकरी ह्यांसाठी कल्याणला किंवा त्याही पुढे जावे लागते. गाव मुंबईला मनुष्यबळ पुरवते आणि मुंबई त्याला झोपण्यापुरता रहिवासी परत देते. म्हणून केवळ तिसरा मार्ग टाकून आणि गाड्या वाढवून टिटवाळ्याचा प्रश्न सुटणार नाही, जरी ते दोन्ही झालेच पाहिजे. काळूचे पात्र आणि पूररेषा राखणे, उरलेल्या खाचरांना विक्रीवाचून जगता येईल एवढी किंमत मिळणे, आणि कल्याणच्या ह्या बाजूस शिक्षण व रोजगार येणे, ह्यांखेरीज येथील वस्तीला गावपण लाभणार नाही. ज्या दिवशी टिटवाळ्यात राहणाऱ्या माणसाला टिटवाळ्यातच काही काम असेल, त्या दिवशी सातबारा आणि साठेखत ह्यांच्या पलीकडे जाऊन तो ह्या गावाचा होईल. आणि त्यासाठी जे करावयाचे, ते करण्याची जबाबदारी देवावर टाकून चालणार नाही.