बटण निवडताना आधी हात पाहा

ज्यांच्या शाळेच्या दिवसांतली चिल्लर व्हिडिओ गेम पार्लरमध्ये संपली, त्यांना ती उभी पेटी, तिची दांडी आणि शेजारची मोठी रंगीत बटणे नक्की आठवत असतील. आज तशीच बटणे सुटी मिळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन ती मागवायची, प्लायवूडला भोके पाडून बसवायची आणि एका लहान यूएसबी सर्किटला जोडून घरच्या घरी गेम कंट्रोलर तयार करायचा, हा छंद आता बऱ्याच मुलांना लागला आहे. छंद चांगला आहे. हाताला काम मिळते आणि वीज कशी वाहते तेही कळते.

डॉक्टर म्हणून मला या बटणांचे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, तासन् तास बटणे दाबून मनगट दुखवून घेतलेले तरुण. दुसरे, आजारामुळे साधे बटणही दाबता न येणारे रुग्ण आणि त्यांच्यासाठी घरी काहीतरी बनवू पाहणारे नातेवाईक. दोघांनाही माझा सल्ला एकच असतो. बटणाचा रंग, दिवा आणि किंमत नंतर बघा. ते दाबणारा हात आधी पाहा.

बटणाची ओळख

दाबून ठेवेपर्यंतच चालू राहणारे बटण आणि एकदा दाबले की अडकून बसणारे बटण, असे दोन मुख्य प्रकार आहेत. गेमसाठी पहिला प्रकार घ्यावा. त्यातही ‘नॉर्मली ओपन’, म्हणजे न दाबता प्रवाह बंद असणारा.

जपानी पद्धतीच्या बटणांना ३० किंवा २४ मिलिमीटरचे भोक लागते. ती हलकी असतात आणि थोड्याशा दाबाने लागतात. खटक्याने बसणारा प्रकार पातळ पत्र्याला किंवा प्लास्टिकला ठीक असतो. जाड प्लायवूडसाठी मागून आट्यांची रिंग फिरवून घट्ट होणारे बटण घ्यावे. अमेरिकी पद्धतीच्या बटणाला साधारण २८ ते २९ मिलिमीटरचे भोक लागते. ते लांब असते, त्याचा माथा खोलगट असतो आणि खाली वेगळा मायक्रोस्विच असतो. हा स्विच काढून हलक्या दाबाचा दुसरा बसवता येतो, हा त्याचा मोठा फायदा.

सर्किट बोर्डावरचे ६ मिलिमीटरचे चौकोनी, चार पायांचे बटण सगळ्यांत स्वस्त. पण त्यातल्या अनेकांना १६० ते २६० ग्रॅमचा दाब लागतो आणि तोही बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर. घड्याळाची वेळ लावायला ते पुरेसे आहे. तासाला हजारो वेळा दाबायला नाही.

स्वयंपाकघरातला वजनकाटा

बटणाला किती जोर लागतो हे घरीच मोजता येते. डिजिटल वजनकाट्यावर छोटी वाटी ठेवा, तिच्यात बटण उभे करा आणि काटा शून्यावर आणा. आता बटण हळूहळू दाबा. ‘टक्’ होताना जो आकडा दिसेल, तितक्या ग्रॅमचा दाब त्या बटणाला लागतो. मग बटण काढून तेच बोट काट्यावर जमेल तितक्या जोरात दाबा. ही त्या बोटाची कमाल ताकद. माझा ढोबळ हिशेब असा, की वारंवार दाबायचे बटण या ताकदीच्या पावपटीहून जड नसावे. बोट जेमतेम ४०० ग्रॅम दाबत असेल, तर बटण १०० ग्रॅमच्या आतले हवे.

याला कारण आहे. बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. त्यांच्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची नस मनगटातल्या अरुंद बोगद्यातून पुढे जातात. मनगट वाकवून सतत बटणे दाबली की या बोगद्यातला दाब वाढतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, विशेषतः रात्री. म्हणून कंट्रोलरची फळी अशी ठेवा, की मनगट सरळ राहील आणि तळहाताला टेकायला जागा मिळेल. अर्ध्या तासाने हात मोकळे करा. बधिरपणा आठवड्याभरात गेला नाही किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

कमजोर हातासाठी

इथे बटणाची निवड हा केवळ छंद राहत नाही. भावंडांबरोबर गेम खेळता येणे, पंखा लावता येणे किंवा घंटी वाजवून कुणाला बोलावता येणे हे त्या एका बटणावर ठरते. आजारी माणूस म्हणजे मोठे लाल बटण, असा अनेकांचा समज असतो. तो प्रत्येक वेळी बरोबर नसतो.

ड्युशेन प्रकारच्या स्नायूंच्या आजारात खांदे आणि दंड आधी कमजोर होतात, बोटे त्या मानाने बराच काळ चालतात. अशा मुलाला हात उचलून मोठ्या बटणापर्यंत नेता येत नाही. त्याला अगदी हलके, लहान बटण बोटाखालीच हवे. सेरेब्रल पाल्सीत अनेकदा उलटे असते. हात जोरात आणि नेम चुकवून येतो. तिथे ६० किंवा १०० मिलिमीटरचे घुमटाकार, थोडे जड बटण घ्यावे, दोन बटणांत भरपूर अंतर ठेवावे आणि फळी टेबलाला क्लॅम्पने आवळावी. पक्षाघातानंतर मूठ आवळलेली राहत असेल, तर बोट उघडायला लावू नका. मुठीच्या कडेने दाबता येईल असे बटण लावा. हात अजिबात साथ देत नसेल, तर कोपर, पाऊल किंवा गालानेही बटण दाबता येते. जागा ठरवताना ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घ्या.

कंपवाताची गोष्ट वेगळी. कोणत्याही बटणाचे संपर्क जुळताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून सर्किटच्या प्रोग्राममध्ये ५ ते २० मिलिसेकंदांची वाट पाहायला सांगतात. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात मात्र सेकंदाला चार ते सहा वेळा हलतो, म्हणजे दोन धक्क्यांत साधारण १७० ते २५० मिलिसेकंद जातात. तिथे ही वाट ३०० मिलिसेकंदांपर्यंत वाढवली, की एकदा दाबलेले एकदाच मोजले जाते. महागडे बटण न घेताही त्रास कमी होतो.

अशा बटणाला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन जोडून ठेवा. २०१८ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला याच मापाची १९ छिद्रे आहेत. अपंगांसाठीची इतर अनेक उपकरणेही हीच पिन घेतात.

दोन धोके

पहिला, ही बटणे यूएसबीच्या ५ व्होल्टसाठी आहेत. त्यांवरून घरातला २३० व्होल्टचा प्रवाह कधीही नेऊ नका. पंखा लावायचा असेल, तर रिलेचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दुसरा, बटण सेल. वायर नको म्हणून बनवलेल्या रिमोटमध्ये सीआर २०३२ हा २० मिलिमीटरचा चपटा सेल घालतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत खोल जखम होऊ शकते. मूल रडत नसले तरी वाट पाहू नका. उलटी करवू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारेच हवे.

शेवटी खरेदीबद्दल. एकदम दहा बटणांचा संच घेऊ नका. दोन-तीन प्रकारांचे एकेक आणा, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा आणि ज्याच्यासाठी आणले त्याला आठवडाभर वापरू द्या. संध्याकाळी, हात थकलेला असतानाही दाबून पाहायला सांगा. त्या वेळीही जे सहज लागेल ते बटण घ्या, आणि मगच प्लायवूडला ड्रिल लावा.