हात बंद का ठेवायचा?

अपुऱ्या माहितीवर निर्णय कसे घेतात, यावर संशोधन करायचं असेल तर जपानी माहजाँग जरूर बघा. एकूण 136 सोंगट्या, चार खेळाडू. तुमच्या 13 तुम्हाला दिसतात, इतर तिघांच्या 39 नाहीत. चार संच आणि एक जोडी जमली की हात पूर्ण. पण त्यात निदान एक 'याकू', म्हणजे नियमांनी ठरवलेली जिंकण्याची अट, लागतेच.

नवखे इथेच अडकतात. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलून संच केला, की तो सगळ्यांसमोर उघडा मांडावा लागतो. हात लवकर जमतो खरा, पण 'रीची' हा सर्वांत सोपा याकू गेला! रीची म्हणजे बंद हाताला एकच सोंगटी हवी असताना 1000 गुण लावून तसं जाहीर करणं. त्यानंतर हात बदलता येत नाही. जिंकून देणारी शेवटची सोंगटी मात्र दुसऱ्याची चालते.

म्हणून उचलण्याआधी स्वतःला विचारा: रीची सोडून माझ्याकडे दुसरा याकू आहे का? नसेल तर थांबा.

मायक्रोसॉफ्टच्या 'सुफ्क्स' या माहजाँग प्रणालीत सोंगटी टाकणं, रीची आणि उचलण्याचे तीन प्रकार यांसाठी पाच वेगळी मॉडेल्स आहेत. उचलायचं की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे, तो असा.