कंपनीत म्हणजे नेमकं काय?

बोईसरच्या चाळींमध्ये ‘काय काम करता?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘कंपनीत.’ तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद असं सगळंच बनतं. त्यामुळे एवढ्यावर सर्वेक्षणाचा फॉर्म पुढे सरकत नाही.

‘कंपनी कसली?’ ‘केमिकलची.’ उद्योगाच्या रकान्यात 20 हा कोड पडतो. औषधांची असती तर 21, कापडाची असती तर 13. माणसाचा व्यवसाय मात्र वेगळ्या रकान्यात जातो आणि खरी मेहनत तिथेच असते.

‘काम कोणतं?’ ‘हेल्पर.’ इथे घाईने 932, म्हणजे कारखान्यातले मजूर, लिहून मोकळं होता येतं. मी विचारलं, ‘दादा, काल ड्युटीवर गेल्यापासून काय काय केलंत?’ आधी ड्रम सरकवले. मग पावडरच्या गोण्या फोडून रिअ‍ॅक्टरच्या मॅनहोलमधून आत सोडल्या. सेंट्रिफ्यूज थांबल्यावर ओला माल खरवडून काढला आणि ड्रायरच्या ट्रेमध्ये पसरला. इथवर 932 ठीक.

‘वाफ कोण सोडतं?’ ‘ऑपरेटर. तो नसला की मी. टेम्परेचर चढलं की वाफ बंद, कूलिंग चालू.’ ‘आणि तो नसतो कधी?’ तो हसला. ‘नाइटला असतो कुठे?’

आता 813 समोर येतो: रासायनिक संयंत्र चालवणारे. ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण 2015’मध्ये नऊ विभाग आहेत आणि ते हुद्द्यावरून नव्हे, तर प्रत्यक्ष काम व त्याला लागणाऱ्या कौशल्यावरून पाडलेले आहेत. कौशल्य आयटीआयमध्ये मिळालं की रिअ‍ॅक्टरशेजारी उभं राहून, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो हे काम त्याच्याकडे किती वेळा येतं याने. म्हणून पुढचा प्रश्न: महिन्यात नाइट किती?

त्याची बायको पॅकिंगला जाते, पण भातलावणीला विक्रमगडला माहेरी असते. वर्षातला जास्त वेळ जिथे गेला ते तिचं मुख्य काम. लावणी किमान तीस दिवस भरली तर दुय्यम कामात नोंदायची.

वर्गवारी नेहमी प्रत्यक्ष कामावरूनच होते असं नाही. 1851च्या ब्रिटिश जनगणनेत विल्यम फार यांनी धंदे मुख्यतः हाताळल्या जाणाऱ्या मालावरून लावले. त्यामुळे वस्तू बनवणारा आणि ती विकणारा पुष्कळदा एकाच गटात पडले. आपल्याकडे 2011च्या जनगणनेतले मुख्य गट चारच: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. तारापूर अणुवीज केंद्रातला शास्त्रज्ञ, स्टेशनबाहेरचा रिक्षावाला आणि हा हेल्पर, तिघेही ‘इतर’.

किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे लागतात. हा गडी ठेकेदाराच्या कागदावर हेल्पर, म्हणून अकुशल. नाइटला व्हॉल्व्ह फिरवूनही पैसे गोणी उचलण्याचेच. माझ्या फॉर्मने त्याचा पगार वाढत नाही. पण तारापुरात रिअ‍ॅक्टर सांभाळणारे किती आणि त्यातले शिकवून उभे केलेले किती, हे कुणाला मोजायचं असेल, तर नाइटचा प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.