वासुदेव गायतोंडे

वासुदेव संतू गायतोंडे (२ नोव्हेंबर १९२४ – १० ऑगस्ट २००१) हे रंग व प्रकाश यांतून ध्यानमग्न अवकाश साकारणारे भारतीय चित्रकार होते. त्यांच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्याची रूढी आहे. त्यांना मात्र हा शब्द मान्य नव्हता. झाड किंवा माणूस समोर ठेवून त्याचे रूप गाळत जाणे, हा त्यांचा मार्ग नव्हे. चित्रात मुळातच वस्तू नसल्यामुळे ते आपल्या कलेला ‘वस्तुनिरपेक्ष’ मानीत.

जीवन

गायतोंडे यांचा जन्म नागपूर येथे मूळच्या गोव्याच्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली आणि १९५० मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. आरंभीच्या चित्रांत मानवाकृती दिसतात. त्यांवर पॉल क्ली या चित्रकाराचा प्रभाव जाणवतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकृती लोपल्या. झेन विचाराची ओढ त्यांना याच सुमारास लागली. पुढे निसर्गदत्त महाराजांच्या उपदेशाकडेही ते वळले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० च्या दशकात ते दिल्लीस स्थायिक झाले व अखेरपर्यंत एकांतात राहिले.

चित्रपद्धती

कुंचल्याऐवजी रोलर व रंगसुरी ही त्यांची मुख्य साधने होती. पातळ तैलरंगाचा एक थर द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा. ओल्या रंगावर वर्तमानपत्राचे वा मासिकाचे फाडलेले तुकडे दाबून उचलले की काही रंग कागदाबरोबर निघून येई आणि उरलेल्या जागी अनपेक्षित आकार उमटत. सुरीने खरवडल्यावर खालचा थर वर डोकावे. म्हणूनच या चित्रांतील प्रकाश बाहेरून पडलेला वाटत नाही, तो आतून झिरपतो. समई कोठे ठेवली आहे ते न दिसता केवळ तिचा उजेड दिसावा, तसे काहीसे. छापील प्रतिकृतीत हे थर सपाट होतात, त्यामुळे पुस्तकावरून या चित्रांविषयी मत बनविणे धाडसाचे ठरेल.

रंग लावण्याइतकेच महत्त्व ते थांबण्याला देत. वर्षाकाठी पाच-सहाच चित्रे पूर्ण होत. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही. नवख्या प्रेक्षकाची त्यामुळे पंचाईत होते खरी; पण नाव दिले असते, तर तो चित्राऐवजी नावच पाहत बसला असता.

१९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास हाताळता आले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची रेखाटने केली. रंग गेला, तरी कोऱ्या जागेचे भान तेच राहिले.

मरणोत्तर

हयातीत प्रसिद्धीपासून दूर राहिलेल्या या चित्रकाराचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात सुमारे २३.७ कोटी रुपयांस विकले गेले. तेव्हापासून वृत्तपत्रांत चित्रांपेक्षा त्यांच्या किमतींचीच चर्चा अधिक होते, ही खेदाची बाब आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या व नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत.