सहसेवेतील दांपत्य : अक्विल्ला-प्रिस्किल्ला आणि टिळक

रोमहून हद्दपार झालेले अक्विल्ला व प्रिस्किल्ला करिंथ येथे तंबू करण्याचा व्यवसाय करीत. पौल त्यांच्याच घरी राहिला. विद्वान अपुल्लोसाला उभयतांनी देवाचा मार्ग अधिक नेमकेपणाने समजावून दिला. नव्या करारातील सहा उल्लेखांपैकी चारांत पत्नीचे नाव आधी येते, ही बाब उपेक्षणीय नव्हे.

महाराष्ट्रात नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे स्मरण होते. मात्र तेथे सहसेवा आयती लाभली नाही. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीच्या संमतीविना. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर घेतला. मधल्या ताटातुटीची किंमत मुख्यतः त्यांनीच मोजली. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.