प्रयोगशाळेतून पाळण्यापर्यंत : एका लसीची वाटचाल

घाटंजी तालुक्यातील माता आपल्या बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसीकरणासाठी घेऊन येतात, तेव्हा इतर लसींबरोबर रोटाव्हायरसची लसही तोंडावाटे दिली जाते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरू झाली आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात आली. ती विनामूल्य मिळते. परंतु ती इथवर कशी पोहोचली, हे सहसा सांगितले जात नाही. समाजाच्या दातृत्वावर चालणाऱ्या संस्थेच्या अहवालात ते सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रोटाव्हायरसमुळे तान्ह्या बालकांना तीव्र उलट्या व जुलाब होतात आणि शरीरातील पाणी झपाट्याने घटते. १९८०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना नवजात अर्भकांमध्ये या विषाणूचा एक सौम्य प्रकार आढळला. ती बालके आजारी नव्हती. उलट पुढे त्यांना तीव्र अतिसारापासून संरक्षण मिळाल्याचे दिसले. या विषाणूला ‘११६ई’ असे नाव मिळाले.

मात्र कुपीतील विषाणू म्हणजे लस नव्हे. तो शुद्ध स्वरूपात लाखो मात्रांमध्ये तयार करणे, चाचण्या घेणे आणि शासकीय मान्यता मिळवणे यांसाठी लागणारा कारखाना व भांडवल विद्यापीठाजवळ किंवा रुग्णालयाजवळ नसते. म्हणून शोध उत्पादकाच्या हाती सोपवावा लागतो. यालाच ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ म्हणतात.

हे काम पाहणारा विभाग प्रथम शोध नवा व उपयुक्त आहे का, हे तपासतो आणि शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच पेटंटसाठी अर्ज करतो. पेटंटचा हक्क साधारणतः २० वर्षांचा आणि ज्या देशात ते मिळाले त्या देशापुरताच असतो. पुढे उत्पादकाशी परवान्याचा करार होतो. परवाना एकालाच द्यावा की अनेकांना, कोणत्या देशांसाठी द्यावा, रॉयल्टी किती घ्यावी, ठरावीक मुदतीत काम न झाल्यास परवाना परत घ्यावा काय, हे सारे त्यात ठरते. लस गरिबाच्या झोपडीपर्यंत जाईल की नाही, याचा निर्णय पुष्कळदा या कलमांतच दडलेला असतो.

याच रोगावरील दोन परदेशी लसींचा उगम अमेरिकेतील बालरुग्णालयांशी निगडित आहे. त्यांपैकी फिलाडेल्फियाच्या रुग्णालयाने २००८ मध्ये आपला रॉयल्टीचा हक्क १८ कोटी २० लाख डॉलरना विकला. दुसरीकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने आपल्या संशोधनातील विषाणू भारत, चीन व ब्राझीलमधील अनेक उत्पादकांना वापरू दिले. त्यांतूनच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आकारास आली. ती कोरड्या स्वरूपात असून उष्णता अधिक सहन करते. विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि वीज नसताना या गुणाचे मोल काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘११६ई’पासून लस बनवण्याचे काम हैदराबादच्या भारत बायोटेकने केले आणि मात्रेमागे सुमारे एक डॉलर एवढीच किंमत ठेवण्याचे जाहीर केले. तिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली, वेल्लोर व पुणे परिसरातील ६,७९९ बालके सहभागी झाली. पुणे परिसरातील काम के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, म्हणजे आपल्यासारख्याच एका धर्मादाय संस्थेने सांभाळले. आयुष्याच्या पहिल्या वर्षातील तीव्र रोटाव्हायरस अतिसार या लसीने निम्म्याहून अधिक घटला. २०१८ मध्ये या दोन्ही भारतीय लसींना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली.

निम्म्याहून अधिक म्हणजे संपूर्ण नव्हे, हेही आम्ही पालकांना स्पष्टपणे सांगू इच्छितो. अतिसार इतर जंतूंमुळेही होतो. स्तनपान, शुद्ध पाणी, हातांची स्वच्छता, जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या यांना पर्याय नाही. बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

शोध लागल्यापासून तो पाळण्यापर्यंत पोहोचण्यास तीन दशके लागली. या काळात शास्त्रज्ञ, करार लिहिणारे, उत्पादक, आपली बालके चाचणीसाठी विश्वासाने सोपवणारे पालक आणि गावोगावच्या परिचारिका या सर्वांचे हात लागले. साखळीतील शेवटचा दुवा आमच्यासारख्या लहान रुग्णालयांचा आहे. तो भक्कम राहावा, यासाठीच आपल्या प्रत्येक रुपयाचे मोल आम्ही जाणतो.