कार्डावर नसलेला सोडियम

मृग लागण्याआधी दर्यापूरच्या बाजूला, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, मातीचे नमुने काढायला गेलो होतो. वावर कोरडवाहू; बांधापलीकडचे ओलिताचे, बोअरच्या पाण्यावरचे. दोन्हीकडे पऱ्हाटीच. काडीकचरा सारून व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, त्याच्या बाजूची वीतभर खोलीपर्यंतची माती खुरप्याने तासून घमेल्यात टाकायची. अशा आठ-दहा जागांची माती कालवून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत.

ढेकळावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. ही चुनखडी. सामू आठाच्या वर, त्यामुळे दिलेले स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते आणि जस्त, लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. हे बहुतेकांना माहीत असते.

कापसाचे सोटमूळ मात्र वीतभर खोलीवर थांबत नाही. म्हणून त्याच खड्ड्यात दोन फूट खाली गेलो. वरचे आणि खालचे ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्याच्या वेगवेगळ्या पेल्यांत, न ढवळता, ठेवले. कोरडवाहू वावराचे वरचे ढेकूळ ढासळून खाली बसले, पाणी नितळ राहिले. खालच्या ढेकळाभोवती मात्र गढूळ ढग पसरला आणि संध्याकाळपर्यंत बसला नाही. ओलिताच्या वावरात तर वरच्या ढेकळानेही पाणी गढूळ केले.

तो ढग सोडियमचा पुरावा आहे. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम असला की कण एकमेकांना धरून राहतात. सोडियम बसला की सुटे होतात आणि छिद्रे बुजवतात. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले की कॅल्शियम चुना होऊन साका धरतो आणि सोडियमला जागा मोकळी होते. कोरडवाहू जमिनीत उन्हाने हेच घडते, पण सावकाश आणि खोलवर. वावराचे मालक म्हणाले, "भाऊ, पानी पडलं का पाय टाकता येत नाही, अन् आठ दिवसांनं टिकास चालत नाही." चोपण जमिनीचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही.

मृदा आरोग्य कार्डाची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. कार्डावर 12 घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. मातीच्या कणांवर बसलेला, म्हणजे विनिमयक्षम, सोडियम त्यात नाही. ओलिताला अडीच हेक्टरांमागे एक नमुना, कोरडवाहूला दहा हेक्टरांमागे एक. तोही वरच्या थराचा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यासाठी हे अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षारता कमी दिसली तरी सोडियम जास्त असू शकतो. विनिमयक्षम सोडियमची पाठ्यपुस्तकातली धोक्याची रेषा पंधरा टक्क्यांची. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतील संशोधकांनी मात्र पूर्णा खोऱ्यात पाच टक्क्यांपासूनच निचरा बिघडत असल्याचे दाखवले आहे.

उपाय जिप्समचा. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला शेताला चर हवेत, नाहीतर जिप्समवरचा खर्च फुकट जातो.

तेव्हा या पट्ट्यातल्या शेतकरी बांधवांना विनंती: यंदा दोन फुटांखालचा वेगळा नमुना द्या, विनिमयक्षम सोडियमची तपासणी मागून घ्या, आणि ठिबक अंथरण्याआधी बोअरचे पाणी तपासून घ्या.